‘चालकाचा ताबा सुटला’ म्हणजे नक्की काय झालं?

आमच्या मेसमध्ये सकाळचा पेपर आख्खा कुणालाच मिळत नाही. खेळाचं पान पहिल्या टेबलावर जातं, सिनेमाचं दुसऱ्या, आणि जिल्ह्याच्या बातम्यांचं बिचारं पान, ज्याला कुणी वाली नसतो, ते माझ्या वाट्याला येतं. कारण मी उशिरा उठतो. त्या पानावर दर दोन-चार दिवसांनी एक छोटी चौकट असतेच. द्रुतगती मार्गावर मोटारीची ट्रकला धडक, इतके ठार, इतके जखमी. आणि खाली ठरलेलं वाक्य, की चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने हा अपघात झाला.

तर मंडळी, हा लेख त्या एका वाक्यावर आहे. पूर्वी मी ते वाचून पोह्यांवर शेव घालायला मोकळा व्हायचो. फेब्रुवारी २०२५ पासून ते वाक्य वाचलं की डोक्यात जातं. कारण आमच्या अपघाताच्या बातमीतही तेच वाक्य होतं आणि मी त्या गाडीत होतो. ताबा काही हातातला मोबाइल नाही सटकन् सुटायला. तो कधी सुटला, कुणाकडून सुटला, हे मेकॅनिकलच्या पोरानं नाही शोधायचं तर कुणी?

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी ‘लोअर’ होतं आणि तेही आईनं घोकून घेतलं म्हणून निघालं. एकोणसाठ की एकोणसत्तर यात माझा आजही गोंधळ होतो, म्हणून या लेखात सगळे आकडे अंकांत लिहिलेत. मराठी विभागाच्या मॅडमनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलंय. बाकी चुका पोटात घाला.

विंगमधल्या बऱ्याच जणांना प्रकार माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या एका कॉलेजात टेक-फेस्ट होता. आमचा रोबो चक्क दुसरा आला. बक्षीस समारंभ, फोटो, मग जेवण, मग नुसत्याच गप्पा, असं करत पुण्याला निघायला पहाटेचे ३ वाजले. गाडी एका सीनियरच्या भावाची होती, छोटी हॅचबॅक. आम्ही ५ जण. सीनियर चालवत होता, त्याच्या शेजारी मी, मागे तिघं आणि डिकीत रोबो. मागे मध्ये बसला होता डब्बू. हे काही त्याचं खरं नाव नाही, आणि हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला आणि सीनियरला, दोघांनाही वाचून दाखवलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला माझं प्रॅक्टिकल होतं आणि जर्नल सही व्हायचं होतं. खालापूरच्या पुढे मी म्हणालो, “दाब ना जरा.” हे शब्द लक्षात ठेवा, पुन्हा येतील.

घाट चढलो, लोणावळा गेलं, कामशेतचा बोगदा मागे पडला. रस्ता सपाट आणि रिकामा. काटा ११० च्या आसपास. मधल्या लेनमध्ये एक ट्रक होता. मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखल, वेग असेल ३० च्या आगेमागे. तो आम्हाला दिसला तेव्हा तो जवळजवळ बॉनेटवरच होता. सीनियरनं ब्रेक मारला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. ट्रक चुकला. पण गाडी दुभाजकाच्या वायर रोपवर जाऊन आदळली, फिरली आणि उलट्या तोंडानं उभी राहिली. ट्रक निघून गेला. त्याला बहुतेक कळलंही नसेल.

आता गणित. अप्लाइड मेकॅनिक्स ज्यांचं अजून राहिलंय त्यांनी घाबरू नये, इथे व्हायवा नाही. गाडी थांबायला जे अंतर लागतं त्याचे दोन तुकडे असतात. पहिला विचाराचा. डोळ्यांनी बघितलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात धडधाकट माणसाचाही साधारण दीड सेकंद जातो. तेवढा वेळ गाडी आपल्या मस्तीत पूर्ण वेगानं पळत असते. दुसरा तुकडा ब्रेकचा. हा वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो आणि सगळी गोम त्या वर्गात आहे. कोरडा रस्ता, बरे टायर आणि घर्षणांक ०.७ धरला, तर १०० किमी वेगाला विचारात ४२ मीटर आणि ब्रेकमध्ये ५६ मीटर, असे एकूण ९८ मीटर जातात. १२० ला हेच १३१ होतात.

“३३ मीटरचाच फरक ना?” असं आमचा सीएसचा रूममेट म्हणाला. म्हणून त्याला उलटं विचारलं. समोर ९८ मीटरवर अडथळा आहे. १०० वाली गाडी त्याला टेकून थांबली. मग त्याच जागी १२० वाल्या गाडीचा वेग किती असेल? तो म्हणाला २०. उत्तर येतं सुमारे ७७! सुरुवातीला फरक २० चा होता, शेवटी ७७ चा झाला. कारण १२० वाल्याचे ५० मीटर नुसते विचारात गेले आणि उरलेल्या ४८ मीटरमध्ये जेवढी ऊर्जा मारता आली तेवढीच मेली. बाकीची गाडीच्या पत्र्यात आणि आतल्या माणसांत गेली.

एवढं करून मिळतं काय? आख्खा एक्स्प्रेसवे ९४.५ किमीचा. १०० नं गेलात तर ५७ मिनिटं, १२० नं गेलात तर ४७. टोलची रांग धरलेली नाही. १० मिनिटांत आमच्या मेसमध्ये पहिली पोळीसुद्धा येत नाही.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. हा रकाना मला थोडा आळशी वाटतो. पोलिसाला पंचनाम्यात काहीतरी भरावं लागतं, आणि वेग तर प्रत्येक अपघातात असतोच. पण त्या रकान्यामागे आणखी काय काय लपलेलं असतं, ते आमच्याच केसमध्ये बघा.

आमचा लो बीम होता. त्यात दिवे नसलेला काळा ट्रक ५० मीटरवर दिसला असं धरू, हे तसं उदारपणेच. आम्ही ११०, तो ३०, म्हणजे जवळ येण्याचा वेग ८०. दीड सेकंदात ३३ मीटर संपले, उरले १७. लागणार होते ३६. म्हणजे नुसता ब्रेक मारला असता तर सुमारे ५८ च्या फरकानं आम्ही ट्रकच्या खाली घुसलो असतो. हॅचबॅकचं बॉनेट ट्रकच्या मागच्या बंपरपेक्षा खाली असतं, त्यामुळे तिथे एअरबॅग वगैरे येण्याआधी काच येते. मी हे गणित हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून, औषधांच्या बिलामागे केलं. मग तेच ८० च्या वेगासाठी केलं. विचारात २१ मीटर, ब्रेकमध्ये १४, एकूण ३५. चक्क १५ मीटर शिल्लक! सीनियरनं दोन शिव्या हासडल्या असत्या, ओव्हरटेक केलं असतं आणि आम्ही ७ ला मेसमध्ये उप्पीट खात असतो. गंमत म्हणजे १०० नं, म्हणजे मोटारींना तिथल्या सपाटीवर जी मर्यादा आहे त्या वेगानं गेलो असतो, तरी ३५ च्या फरकानं ठोकलंच असतं. पाटीवरची मर्यादा स्वच्छ उजेडातली. रात्री आपली मर्यादा हेडलाइट ठरवतो, आणि ते कुठल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

यात ‘दीड सेकंद’ धरलाय तो जागा असलेल्या माणसाचा. सीनियर आदल्या दिवशी सकाळी ७ ला उठला होता. अपघात झाला पावणेपाचच्या सुमारास. म्हणजे जवळजवळ २२ तास जागा. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग छापला होता. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखे चालतात, आणि २४ तासांच्या आसपास ०.१ टक्का असल्यासारखे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. आमच्या गाडीत कुणी थेंबभर घेतली नव्हती आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान होता! पोलिसांनी फुंकायला लावलं असतं तर मशीननं शून्य दाखवलं असतं. झोप मोजायचं मशीन नाक्यावर नसतं ना.

झोप म्हणजे डोकं स्टिअरिंगवर पडणं, हा सिनेमातला प्रकार झाला. खरी झोप डोळे उघडे ठेवूनही लागते. दोन-तीन सेकंद मेंदू रजेवर जातो आणि परत येतो, आणि गेल्याचं माणसाला कळतही नाही. ११० च्या वेगाला ३ सेकंद म्हणजे ९२ मीटर. पहाटे २ ते ६ हा शरीराचा सगळ्यात ढिला वेळ. त्यात एक्स्प्रेसवेसारखा रस्ता. खड्डा नाही, सिग्नल नाही, म्हैस नाही. साध्या हायवेवर म्हशी तरी आपल्याला जागं ठेवतात! खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं हे सगळं दहा-पंधरा मिनिटांचं औषध. फूड मॉलवर गाडी लावून चहा-कॉफी घ्यायची आणि लगेच १५-२० मिनिटं डोळे मिटायचे, हा त्यातल्या त्यात खरा उपाय, कारण कॅफिन चढायलाही तेवढाच वेळ लागतो. आम्ही फूड मॉलला थांबलो होतो. वडापाव खाल्ला, रोबोबरोबर सेल्फी काढले आणि निघालो.

शेजारी बसणाऱ्यानं जागं राहून बोलत राहायचं, असं ठरलं होतं. ते काम माझं. मी जागा होतो, हो. ग्रुपवर ट्रॉफीचे फोटो टाकत होतो. गाडीतली दुसरी डोळ्यांची जोडी मोबाइलमध्ये होती. त्यामुळे ताबा कुणाचा सुटला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. बातमीत फक्त चालकाचा लिहिला होता.

आता जरा उलट दिशेला, म्हणजे पुण्याहून मुंबईकडे उतरताना काय होतं ते बघू, कारण बोरघाटातल्या अपघातांचं गणित वेगळं आहे. तिथे वेगापेक्षा उष्णता मारते. २५ टनांचा भरलेला ट्रक लोणावळ्याकडून खोपोलीकडे साधारण ५०० मीटर खाली येतो असं धरा. उंचीची ती ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. आकडा येतो १२ कोटी २५ लाख ज्यूल. हॉस्टेलच्या भाषेत सांगायचं तर १५ लिटरच्या २६ बादल्या पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला लागते तेवढी. (आपल्या बॉयलरला हे आख्ख्या डिसेंबरात जमत नाही.) ही सगळी उष्णता त्या ब्रेक ड्रममध्ये. लायनिंग तापलं की त्याचं घर्षण कमी होतं, ड्रम फुगून लायनिंगपासून लांब जातो, आणि ड्रायव्हर पायाखाली पेडल असून नसल्यासारखं दाबत राहतो. यालाच ‘ब्रेक फेल’ म्हणतात. तुटत काहीच नाही. म्हणून गार झाल्यावर तपासणीत ब्रेक पुन्हा ठणठणीत निघू शकतो!

यावरचा उपाय फार जुना आहे. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. म्हणजे इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे बाहेर जाते. पण डिझेल वाचवायला काही जण घाटात न्यूट्रल मारतात. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात तर हा धंदा आतबट्ट्याचाच. उताराला गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंधन आपोआप बंद होतं, आणि न्यूट्रलमध्ये टाकलं की इंजिन चालू ठेवायला उलट थोडं लागतं. म्हणजे डिझेलही जातं आणि ब्रेकही. मोटारीला हाच उतार दीड बादलीचा. पण पाय सतत ब्रेकवर ठेवून उतरणारे काका खोपोलीला पोचल्यावर “काहीतरी जळल्यासारखा वास येतोय का?” असं विचारतात, तो वास याचाच.

टायरबद्दल बोललंच पाहिजे, कारण तो आमच्या विंगचा आवडता विषय आहे. ‘काँक्रीट गरम होतं आणि टायर फुटतो’ हे मी फर्स्ट इयरपासून ऐकतोय. अर्धसत्य आहे. टायर मुख्यतः स्वतःच्या लवण्यानं तापतो. हवा कमी असली की त्याच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेरीला जास्त वाकतात, सरळ होतात, वाकतात. एक वायर हातानं दहा वेळा वाकवून बघा, कशी गरम होते. ११० ला हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा होतं. त्यात टायर ७-८ वर्षांचा, गाडीत ५ जण आणि डिकीत रोबो. म्हणून लांब जाताना हवा कमी ठेवावी, म्हणजे गरम होऊन फुगायला जागा राहते, हा गावठी सल्ला नेमका उलटा आहे. दाराच्या खांबावर कंपनीनं आकडा चिकटवलेला असतो, तो भरायचा. नायट्रोजन भरल्यानं फुटत नाही म्हणतात, तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तोही फुकट. पावसाळ्यात घासलेल्या टायरखालचं पाणी बाहेर निघायला वेळ मिळत नाही, आणि ९० च्या पुढे गाडी रस्त्यावर नसून पाण्यावर तरंगत असू शकते. तेव्हा तर ताबा खरोखरच सुटलेला असतो. पण तो सुटतो सर्व्हिसिंगला नेताना, “अजून सहा महिने चालतील” म्हटलं त्या दिवशी.

लेनचं म्हणाल तर नियम दोन ओळींचा आहे. ट्रक डावीकडे, मोटारी मध्ये, उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. प्रत्यक्षात ट्रक मध्ये किंवा उजवीकडे, आणि मोटारी जिथे फट मिळेल तिथून. डावीकडून ओव्हरटेक करणारा ट्रकच्या अशा कोपऱ्यात शिरतो जिथलं ड्रायव्हरला आरशात काही दिसत नाही. २०२४ पासून कॅमेरे लागलेत. आता काही शूर मंडळी कॅमेऱ्याच्या आधी करकचून ब्रेक मारतात आणि पुढे पुन्हा उडतात. मागच्यानं अंतर ठेवलं नसेल तर तोही एक नवीन प्रकार. आणि गाडी बंद पडली म्हणून लेनमध्ये किंवा कडेला उभं राहून टायर बदलणं. ५ जून २०१६ ला पनवेलजवळ अशाच थांबलेल्या दोन मोटारींवर बस आदळली आणि १७ माणसं गेली. रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, लाल त्रिकोण बराच मागे ठेवायचा आणि मग फोन लावायचा. त्रिकोण डिकीत असतो. आमचा रोबोच्या खाली होता.

आता वायर रोपबद्दल, कारण हे लिहायला मी जिवंत आहे त्यात तिचा वाटा आहे. अभिनेत्री भक्ती बर्वे १२ फेब्रुवारी २००१ ला याच रस्त्यावर गेल्या, तेव्हा रस्ता अगदी नवा होता. २३ डिसेंबर २०१२ च्या रात्री आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे हे दोन अभिनेते गेले, तेव्हा समोरून येणारा टेम्पो दुभाजक ओलांडून त्यांच्या गाडीवर आला होता. त्यांची गाडी आपल्या बाजूनं चालली होती. इथे त्यांच्या चालकानं काय करायला हवं होतं? काहीच नाही. इथे रस्त्यानंच टेम्पोला अडवायला हवं होतं. वायर रोप तेच करते. ताणलेले दोर गाडी आदळल्यावर लवतात, ऊर्जा खातात आणि गाडीला पलीकडे जाऊ देत नाहीत. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ जण गेले. त्याच वर्षी रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मृत्यू शून्यावर आणायचा प्रकल्प सुरू केला. अपघाताच्या जागा शोधल्या, उघडे काँक्रीटचे खांब आणि कठडे झाकले, रेलिंग आणि पाट्या सुधारल्या, आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू बरेच कमी झाले. ड्रायव्हर तेच, त्यांच्या सवयी त्याच. माणूस चुकणारच हे धरून रस्ता बांधायचा, ही कल्पना मला फार आवडली. आमच्या डिझाइनच्या सरांच्या ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’चा अर्थ मला वर्गात नाही, तिथे कळला.

आणि आता डब्बू.

गाडी वायर रोपवर आदळून तिचा वेग झटक्यात कमी झाला. सीनियर आणि मी बेल्टमध्ये होतो. माझ्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत काळानिळा पट्टा उठला, जानवं घातल्यासारखा. तीन आठवडे राहिला. मागच्या तिघांनी बेल्ट लावले नव्हते. मागे कोण लावतं? गाडी थांबली, ते थांबले नाहीत. कडेच्या दोघांना समोरच्या सीट मिळाल्या, एकाचं मनगट गेलं, दुसऱ्याचा दात. मध्ये बसलेल्याच्या समोर काहीच नसतं. डब्बू दोन सीटच्या फटीतून गिअरपर्यंत आला. मांडीचं हाड मोडलं.

६५ किलोचा माणूस ५० च्या वेगानं जाताना त्याच्यात जी ऊर्जा असते, ती सुमारे १० मीटरवरून, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडल्याएवढी. बेल्ट असेल तर गाडीचं नाक चेपतं, बेल्ट थोडा ताणतो आणि थांबायला ६० सेंटिमीटर मिळतात. बळ येतं साधारण १ टनाचं, तेही खांदा, छाती आणि कमरेच्या हाडांवर वाटलेलं. बेल्ट नसेल तर गाडी आधीच थांबलेली असते आणि माणूस १० सेंटिमीटरमध्ये थांबतो. ६ टनांहून जास्त, ते एकाच ठिकाणी. आणि तो ज्या सीटवर आदळतो तिच्यात बसलेल्याच्या पाठीत पण.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीचा अपघात झाला. गाडी मर्सिडीज, एअरबॅग सगळ्या. बेल्ट लावलेले पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. त्यानंतर आठवडाभर सगळा देश मागच्या बेल्टबद्दल बोलत होता. त्याच २०२२ वर्षात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण देशात मेले आणि त्यात ८,३३१ प्रवासी होते. मागे बसणाऱ्यानं बेल्ट लावणं कायद्यानं तेव्हाही बंधनकारक होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १,००० रुपये. मला तर तो नियम आहे हेच डब्बूच्या ऑपरेशनच्या दिवशी कळलं.

आम्हाला मदत केली ती भाजीच्या टेम्पोवाल्यानं. त्यानं आमच्या मागे टेम्पो आडवा लावला, दिवे चालू ठेवले, १०८ ला फोन केला आणि डब्बूला कुणी हलवू नका म्हणून ओरडला. पोलीस आल्यावर तो निघून जाईल असं वाटलं, पण थांबला. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच आहे, की मदत करणाऱ्याला पोलीस जबरदस्तीनं साक्षीदार करू शकत नाहीत, नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. त्याला ते माहीत होतं की नाही कोण जाणे. भाजी मार्केटला उशिरा पोचून त्याचं किती नुकसान झालं हे आम्ही विचारलंही नाही.

डब्बूच्या मांडीत रॉड आहे. त्याचं एक वर्ष गेलं. तो आता आमच्या मागच्या बॅचबरोबर बसतो आणि विमानतळावर मशीन वाजलं की मी आयर्नमॅन आहे असं सांगणार म्हणतो. अजून विमानात बसलेला नाही. मी त्याला “दाब ना जरा” बद्दल सांगितलं. त्याला ते आठवतच नव्हतं, त्याला खालापूरच्या आधीच झोप लागली होती. सीनियरला आठवत होतं. तो एवढंच म्हणाला, “तू म्हणाला नसतास तरी मी दाबलाच असता.” हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही.

२०२५ च्या दिवाळीत नाशिकला घरी गेलो तेव्हा बाबांच्या गाडीत मागे बेल्टची बक्कलं शोधली. सापडेनात. गाडी १२ वर्षं जुनी, घेतली त्या आठवड्यात सीट कव्हर चढवलेलं, आणि बक्कलं त्याच्या खाली गाडलेली. कव्हरच्या मागच्या गाठी सोडून हात घातला तर बक्कलं निघाली, एक शार्पनर, सुकलेली बडीशेप आणि माझा शाळेचा बॅज. आई म्हणाली, “कव्हर फाडलंस की काय?” भाऊबीजेला सिन्नरला मामाकडे जाताना आजीला बेल्ट लावला, तर ती म्हणाली, “मला कशाला बांधतोस, मी काय पळून चाललेय?” सिन्नरला तिला तो उघडता येईना, मामा दारात ओवाळणीचं ताट बघत उभा आणि आजी गाडीत अडकलेली. सगळे हसले, आजी चिडली.

परत निघताना मी मुद्दाम काही बोललो नाही. बाबांनी गाडी चालू केली. मागून आवाज आला, “अरे, ते कुठे खुपसायचं म्हणालास?”